साडेचार एंग्लर म्हणजे किती जाड तेल?

आमच्या शेडमध्ये एक जुनं जर्मन हायड्रॉलिक प्रेस मशीन होतं. त्याच्या तेलाच्या टाकीवर पितळी पट्टी होती आणि तेलाविषयी त्या पट्टीवर एवढंच कोरलेलं होतं: ४,५° ई / ५०° सी. मधला स्वल्पविराम हे दशांशचिन्ह. जर्मन लोक दशांश तसाच लिहितात. म्हणजे साडेचार. पण साडेचार काय? स्टोअरमधल्या बॅरलांवर तर व्हीजी ३२, व्हीजी ४६, व्हीजी ६८ असे आकडे. (व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड, तेलाच्या जाडपणाची प्रत.)

मी तेव्हा मेंटेनन्सला नवीन होतो. 'ई' म्हणजे एंग्लर अंश, तेलाचा जाडपणा सांगणारं जुनं जर्मन माप, हे एका जुन्या हँडबुकात सापडलं. तिथलंच सूत्र लावलं, उत्तर आलं साडेएकतीस सेंटीस्टोक, म्हणजे जाडपणाच्या आजच्या एककात. व्हीजी ३२ म्हणजे ३२ सेंटीस्टोकचं तेल हे ठाऊक होतंच. इतकं जुळल्यावर शंका घ्यावीशीही वाटली नाही. टाकी धुतली, नवं तेल भरलं. सकाळी मशीन छान चाललं. दुपारी तेल तापलं आणि प्रेस दाब धरेना. तेल एवढं पातळ झालं होतं की पंपाच्या आतल्या फटींतून मागच्या मागे सरकत होतं.

शिफ्टचे जुने फोरमन आले, पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "अरे, साडेचार वाचलंस. पुढचे पन्नास कोणी वाचायचे?"

माझी आकडेमोड बरोबर होती, तेल चुकलं होतं. व्हिस्कॉसिटीची एककं बदलताना होणाऱ्या बहुतेक चुका अशाच असतात. गुणाकार चुकत नाही. आपण नेमकं काय बदलतो आहोत तेच कळलेलं नसतं. म्हणून सुरुवात अगदी मुळापासून करू.

पुस्तकात हिला श्यानता म्हणतात, शेडमध्ये व्हिस्कॉसिटी, आणि तेल विकणारा नुसतंच जाड-पातळ म्हणतो. या जाड-पातळपणाच्या मुळात दोन तऱ्हा आहेत. काकवीची बरणी घ्या आणि तिच्यात पळी फिरवा. हाताला जो जोर लावावा लागतो, तो काकवीच्या आतल्या घर्षणाचा. एक थर दुसऱ्या थरावरून सरकायला नाही म्हणतो. हे मोजलं की मिळते डायनॅमिक व्हिस्कॉसिटी. तिचं रोजच्या वापरातलं एकक सेंटीपॉइज. रक्त नसांमधून कसं वाहतं या कुतूहलातून बारीक काचनळ्यांमधला प्रवाह मोजत बसलेले फ्रेंच डॉक्टर प्वाझय यांच्या नावावरून ते आलं.

आता पळी काढा आणि बरणी फक्त तिरकी करा. काकवी स्वतःच्या वजनाने ओघळते. किती चटकन ओघळते हे आतल्या घर्षणावर अवलंबून आहेच, पण तिला खाली ओढणारं वजन किती यावरही आहे. घर्षण सारखं असेल तर जड द्रव लवकर ओघळेल. म्हणून इथे घर्षणाला घनतेने भागावं लागतं. हा भागाकार म्हणजे कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी. तिचं एकक स्टोक, आणि त्याचा शंभरावा भाग सेंटीस्टोक. आयर्लंडमध्ये १८१९ साली जन्मलेले आणि १८४९ पासून अखेरपर्यंत केंब्रिजला गणिताचे प्राध्यापक असलेले जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांचं हे नाव. (नावातला शेवटचा 'स' आपण बोलताना गाळतो. मीही इथे गाळतो आहे.)

या दोन्हींतला पूल सोपा आहे: सेंटीपॉइज = सेंटीस्टोक × घनता. घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये घ्यायची, आणि ज्या तापमानाची व्हिस्कॉसिटी त्याच तापमानाची घ्यायची. ६८ सेंटीस्टोकच्या तेलाची घनता ०.८७ असेल तर ते ५९ सेंटीपॉइज. घनता माहीत नसेल तर हा पूल ओलांडता येत नाही. सेंटीपॉइज आणि सेंटीस्टोक 'जवळपास एकच' असं पुष्कळ लोक म्हणतात. ते पाण्यापुरतं खरं आहे, कारण पाण्याची घनता एकाच्या जवळ आहे. तेलात दहा-पंधरा टक्के फरक पडतो. पाऱ्यात तर सगळंच उलटतं. पाऱ्याची डायनॅमिक व्हिस्कॉसिटी पाण्याच्या दीडपट, पण घनता साडेतेरापट. त्यामुळे त्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी पाण्याच्या नवव्या हिश्शाएवढीच भरते.

हवेचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. २० अंशांना पाणी जवळजवळ नेमकं १ सेंटीस्टोक आहे आणि हवा १५ सेंटीस्टोक. म्हणजे या मापाने हवा पाण्याच्या पंधरापट 'जाड'. आकडा बरोबर आहे. हवेत घर्षण अगदी थोडं, पाण्याच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. पण तिचं वजन त्याहून किती तरी थोडं, पाण्याच्या आठशेव्या भागाच्या आसपास. भागाकार केला की पंधरा येतात.

ही गोष्ट एककातच दडलेली आहे. सेंटीस्टोक म्हणजे एक चौरस मिलिमीटर प्रति सेकंद. जाडपणा मोजायला क्षेत्रफळ कशाला, हा प्रश्न मला कॉलेजात कधी पडलाच नाही आणि नंतर खूप वर्षं छळत राहिला. उत्तर असं: स्थिर पाण्याने भरलेलं गोल पातेलं कल्पा आणि पातेलं फिरवायला लागा. आधी फक्त कडेचं पाणी फिरतं. ते शेजारच्या थराला ओढतं, तो त्याच्या शेजारच्याला, आणि अशी हालचाल आत पसरत जाते. नुसत्या घर्षणाने ती किती वेळात किती आत पोचेल याचा अंदाज करायचा तर अंतराचा वर्ग करून कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटीने भागायचं. एक सेंटिमीटर म्हणजे १० मिलिमीटर, वर्ग १००. पाण्याला १ ने भागलं, शंभरेक सेकंद. ६८ सेंटीस्टोकच्या तेलाला दीड सेकंद. हालचाल द्रवात किती भराभर पसरते याचं हे माप आहे, म्हणून त्यात अंतराचा वर्ग आणि वेळ एवढंच उरतं. किलोग्रॅम निघून गेलेला असतो, कारण घनतेने भागताना वस्तुमान वर-खाली कटतं.

जिथे फक्त दशांशचिन्ह हलतं

हे कळलं की एककांचं पहिलं कुटुंब अगदी सोपं होतं. या कुटुंबातली सगळी एककं म्हणजे 'क्षेत्रफळ भागिले वेळ'. १ स्टोक म्हणजे १ चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद, म्हणून १०० सेंटीस्टोक. १ चौरस मीटर प्रति सेकंद म्हणजे १० लाख सेंटीस्टोक. आपलं ४६ चं तेल म्हणजे ०.४६ स्टोक, म्हणजे ०.००००४६ चौरस मीटर प्रति सेकंद. अमेरिकी पंपांच्या कागदपत्रांत चौरस फूट प्रति सेकंद येतं. एक फूट ३०४.८ मिलिमीटर, त्याचा वर्ग ९२,९०३, म्हणून १ चौरस फूट प्रति सेकंद म्हणजे ९२,९०३ सेंटीस्टोक. इथे नेहमीची चूक एकच: लांबीचा गुणक वर्ग न करता तसाच वापरणं. उत्तर तीनशेपट चुकतं, आणि आकडा मुळात इतका लहान असतो की चूक डोळ्यात भरत नाही. मी एक खूण ठेवली आहे. कुठल्याही एककात आधी पाण्याचा आकडा काढून बघायचा. पाणी एका सेंटीस्टोकच्या आसपास आलं नाही तर गुणक चुकलाय.

जिथे सेकंद मोजलेले असतात

दुसरं कुटुंब मात्र दिसायला एककांचं, पण खरं तर उपकरणांचं आहे. ज्यांनी पॉलिटेक्निकला किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकल केलंय त्यांना रेडवुड व्हिस्कोमीटर आठवत असेल. भोवती पाण्याचा हौद, मध्ये तेलाचा कप, कपाच्या तळाशी अकीकाच्या दगडातलं बारीक भोक, त्यावर गोळीची झडप. गोळी उचलायची, स्टॉपवॉच चालू करायचं, खाली ५० मिली तेल जमलं की थांबवायचं. जेवढे सेकंद तेवढे 'रेडवुड सेकंद'. ही ब्रिटिश पद्धत. अमेरिकेत सेबोल्टचा कप: ६० मिली. जर्मनीत कार्ल एंग्लर यांचा: २०० मिली. एंग्लर यांनी मात्र सेकंद तसेच न ठेवता २० अंशांच्या २०० मिली पाण्याला लागणाऱ्या वेळाने, म्हणजे सुमारे ५१ सेकंदांनी, भागले. माझ्या पट्टीवरचे साडेचार म्हणजे हे: ५० अंशांचं तेल पाण्याच्या साडेचारपट वेळ घेतं.

तेल स्वतःच्या वजनाने गळतं, म्हणजे बरणी तिरकी केल्यासारखंच. म्हणून हे सगळे कप कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटीच दाखवतात. पण सरळ गुणोत्तरात दाखवत नाहीत. का, ते समजून घेण्यासारखं आहे. समजा तेलात घर्षण शून्य असतं, तरी ५० मिली गळायला काही वेळ लागलाच असता, कारण थांबलेल्या तेलाला वेग द्यायलाही वजनच खर्ची पडतं. म्हणजे कपाच्या सेकंदांतले सुरुवातीचे काही सेकंद व्हिस्कॉसिटीचे नसतातच. पातळ तेलात हा भाग मोठा, जाड तेलात नगण्य. म्हणून सूत्रात एक वजाबाकी असते. सेबोल्टसाठी, वेळ १०० सेकंदांच्या आत असेल तर:

सेंटीस्टोक = ०.२२६ × सेकंद − १९५ ÷ सेकंद

आणि १०० च्या वर:

सेंटीस्टोक = ०.२२० × सेकंद − १३५ ÷ सेकंद

आता ५० सेकंद घाला: ७.४ सेंटीस्टोक. १०० सेकंद घाला: २०.६ सेंटीस्टोक. सेकंद दुप्पट, व्हिस्कॉसिटी जवळजवळ तिप्पट. पण ५०० आणि १,००० घातले तर ११० आणि २२०, म्हणजे बरोबर दुप्पट. जाड तेलात वजाबाकीचा भाग विरून जातो आणि गुणाकार तेवढा उरतो. म्हणून ७५ सेंटीस्टोकच्या वर नुसतं ४.६३२ ने गुणलं की १०० अंश फॅरनहाइटचे सेबोल्ट सेकंद मिळतात. २१० अंश फॅरनहाइटला हाच गुणक ४.६६४ होतो, कारण उपकरणही तापून किंचित प्रसरण पावतं. एककाचा गुणक तापमानाबरोबर बदलतो, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चमकलो होतो. पण हे एकक नाही, पितळेचा-पोलादाचा कप आहे, असं लक्षात घेतलं की त्यात नवल राहत नाही.

वर सांगितलेल्या रेडवुडच्या नेहमीच्या कपासाठी (त्याला नंबर एक म्हणतात) १०० सेकंदांच्या वर ०.२४७ × सेकंद − ५० ÷ सेकंद. एंग्लरसाठी ७.३१ × अंश − ६.३१ ÷ अंश. यात १ एंग्लर घातला की १ सेंटीस्टोक येतो, म्हणजे पाणी. साडेचार घातले की ३१.५. फर्नेस ऑइलसारख्या फार जाड तेलाला या कपांमध्ये ताटकळत बसावं लागतं, म्हणून मोठ्या भोकाची भावंडं निघाली: रेडवुड नंबर दोन आणि सेबोल्ट फ्युरोल. दोन्ही साधारण दहापट लवकर रिकामी होतात. कागदावर नुसते 'सेकंद' लिहिलेले असतील आणि कप कुठला ते लिहिलेलं नसेल, तर उत्तर दहापट इकडे-तिकडे जाऊ शकतं. अशा कागदावरून तेल मागवू नये. विचारावं.

रंगाच्या दुकानात किंवा पेंट शॉपमध्ये 'बी-फोर कपात २५ सेकंद' म्हणतात, तेही याच जातीचं. त्यात जास्त शिरत नाही, कारण रंग हा ढवळला की पातळ होणारा द्रव आहे. त्याला एकच एक व्हिस्कॉसिटी नसते, त्यामुळे त्याचे सेकंद सेंटीस्टोकमध्ये नेऊन फारसं काही हाती लागत नाही. रंग त्याच्याच कपात मोजावा.

आजच्या तेलाच्या प्रयोगशाळांत यातलं सहसा काही वापरत नाहीत. तिथे काचेची लांब, केसासारखी बारीक नळी असते, नेमक्या तापमानाच्या हौदात बुडवलेली. दोन खुणांमधून तेल उतरायला लागलेले सेकंद गुणिले नळीचा स्थिरांक, झाले सेंटीस्टोक. इथे वजाबाकी जवळजवळ लागतच नाही, कारण नळी इतकी बारीक आणि प्रवाह इतका संथ असतो की सगळा वेळ घर्षणाचाच. आणि नळीचा स्थिरांक ठरवायची साखळी शेवटी पाण्यापाशी पोचते. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने १९५२ साली प्रसिद्ध केलेला २० अंशांच्या पाण्याचा १.००२ सेंटीपॉइज हा आकडा त्या साखळीचा खुंटा आहे.

तापमान बदलता येत नाही

आता माझ्या चुकीकडे येतो. साडेचार एंग्लर म्हणजे ३१.५ सेंटीस्टोक, हे बरोबर. पण ५० अंशांना. बॅरलवरचा व्हीजीचा आकडा असतो ४० अंशांचा. व्हीजी ३२ तेल ४० ला ३२ असतं आणि ५० ला उतरून २१-२२ वर येतं. मशीनला हवं होतं त्याच्या दोन तृतीयांश. व्हीजी ४६ तेल ५० ला ३० च्या आसपास येतं. म्हणजे पट्टीला हवं होतं ते हे.

एककं बदलायला सूत्र पुरतं. तापमान बदलायला त्या विशिष्ट तेलाची माहिती लागते: तापल्यावर ते किती भराभर पातळ होतं. साध्या खनिज हायड्रॉलिक तेलाचं व्हीजी ४६ घ्या. ३० अंशांना सुमारे ७५ सेंटीस्टोक, ४० ला ४६, ५० ला ३०, १०० ला जेमतेम ७. अगदी १०० अंश फॅरनहाइट आणि ४० सेल्सियस यांत फक्त दोन अंशांचं अंतर आहे, पण तेवढ्यातही हे तेल ५१ वरून ४६ वर येतं. दहा टक्के गेले. शिवाय व्हीजी ४६ म्हणजे काटेकोर ४६ नव्हे. दहा टक्के कमी-जास्त चालतं, ४१.४ ते ५०.६ यांतलं काहीही व्हीजी ४६ च. त्यामुळे एखादं संगणकी कोष्टक ३१.४९२७८ असं उत्तर देऊन तापमान विचारतच नाही, तेव्हा त्या पाच दशांशांवर विसंबून काही मागवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बॉयलर आणि जहाजांच्या इंधनात हाच घोटाळा मोठ्या आकड्यांत दिसतो. जुने लोक '१,५०० सेकंदचं तेल' म्हणतात, नवे कागद '१८० सेंटीस्टोक' म्हणतात, आणि दोन्ही एकच तेल असतं. सूत्राने १,५०० रेडवुड सेकंदांचे ३७० सेंटीस्टोक होतात. मग १८० कुठून आले? रेडवुडचा आकडा १०० अंश फॅरनहाइटचा, १८० चा आकडा ५० अंश सेल्सियसचा. बारा अंशांत निम्म्यावर. नवख्याने इथे ३७० काढून ३८० ग्रेडचं इंधन मागवलं, तर बर्नरपर्यंत पोचणारं तेल दुप्पट जाड असेल आणि हीटर वाढवल्याशिवाय त्याचा नीट फवारा होणार नाही.

आणखी एक जागा अशीच निसरडी आहे. रस्त्याच्या कामावर डांबराच्या टँकरवर व्हीजी ३० लिहिलेलं असतं. अक्षरं तीच, पण तेलाच्या व्हीजीशी त्याचा संबंध नाही. भारतीय मानक ७३ प्रमाणे व्हीजी ३० डांबराची डायनॅमिक व्हिस्कॉसिटी ६० अंशांना किमान २,४०० पॉइज हवी, आणि शिवाय १३५ अंशांना कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी किमान ३५० सेंटीस्टोक. २,४०० पॉइज म्हणजे २ लाख ४० हजार सेंटीपॉइज. डांबराची घनता एकाच्या आसपास, म्हणून सेंटीस्टोकही साधारण तेवढेच. व्हीजी ३२ तेलाच्या साडेसात हजारपट, तेही वीस अंश जास्त तापवलेलं असताना. आणि तेच डांबर १३५ ला काही शे सेंटीस्टोकवर येतं, म्हणून ते खडीत मिसळता येतं.

प्रेसमधलं व्हीजी ३२ आम्ही काढलं, गाळून दुसऱ्या हलक्या मशीनला वापरलं, आणि प्रेसला व्हीजी ४६ भरलं. मे महिन्यातल्या दुपारीही तिने दाब सोडला नाही. पितळी पट्टी तशीच ठेवली आहे. तिच्या खाली मी पांढऱ्या रंगाने लिहिलं: 'व्हीजी ४६. वरचा आकडा ५० अंशांचा, हा ४० चा.' फोरमननी ते वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तारीख पण टाक रे, आणि सही."